किल्लीवालीचं कार्ड

सोमवार, ३ मार्च

चित्रपट मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला. व्याख्यान पक्कं झालं. २९ तारीख, शनिवार, दुपारी. विषय मीच सुचवला होता: गुलामगिरी संपवण्यावरचा तो ऐतिहासिक चित्रपट आणि त्याच्या कथेचा सांगाडा. आधी चित्रपट दाखवायचा, मग मी बोलायचं. चिटणीस म्हणाले, "सर, लोकांना सांगाडा वगैरे झेपेल ना?" मी म्हटलं, इतकी वर्षं पटकथा शिकवतोय, त्यानं अजून एकही विद्यार्थी दगावलेला नाही. ते हसले नाहीत. मला मोठ्या सभागृहात बोलायची ही पहिलीच वेळ आहे, म्हणून तयारीच्या काळात रोजनिशी लिहायचं ठरवलंय. विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो, रोज लिहा. स्वतः कधी लिहिलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

संध्याकाळी ताईबरोबर चित्रपट पुन्हा पाहिला. ताई माझी थोरली बहीण. माझी बायको गेली तेव्हा दोन महिन्यांसाठी म्हणून आली. लेक तेव्हा शाळेत होती. आता लेक शिकून, नोकरीला लागून दुसऱ्या शहरात राहते आणि ताई इथे आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. उसाचं एक बेट. मळ्यांवर राबणारे सगळे गुलाम. राजधानीतून नवा राज्यपाल येतो, माणूस भला. आल्या आल्या तो गुलामगिरी रद्द करणारा जाहीरनामा लिहितो आणि टेबलाच्या खणात ठेवतो. मग जवळजवळ चित्रपट संपेपर्यंत तो खण उघडत नाही. शेवटी उघडतो, राज्यपाल सज्जात उभा राहून जाहीरनामा वाचतो, खाली चौकात लोक एकमेकांच्या गळ्यात पडतात, वाद्यं वाजतात. मी दर वेळी रडतो. ताई मध्येच झोपली होती. वाद्यांनी जागी झाली आणि म्हणाली, "ती किल्ल्यांवाली बाई कुठे गेली रे?"

किल्लीवाली म्हणजे राज्यपालाचं घर सांभाळणारी. तीही गुलामच. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चार प्रसंग, अंगात एकच झगा आणि चारही वेळा संवाद एकच, "होय, साहेब." मी ताईला समजावलं की ते गौण पात्र आहे, गौण पात्रांचं पुढे काही होत नसतं.

"अस्सं," ताई म्हणाली आणि दूध झाकायला गेली.

बुधवार, ५ मार्च

आज जेवणाच्या टेबलासमोरची भिंत कार्डांनी भरली. माझी पद्धत विद्यार्थ्यांना पाठ आहे. प्रत्येक प्रसंगाला पांढरं कार्ड, प्रत्येक पात्राला पिवळं. पिवळ्या कार्डावर दोनच प्रश्न: याला काय हवंय? आड कोण येतंय? ज्याच्याकडे दोन्हींची उत्तरं आहेत ते पात्र. ज्याच्याकडे एकही नाही ते सामान. किल्लीवालीला कार्ड दिलं नाही.

पिना कमी पडल्या म्हणून ताईच्या शिवणाच्या डब्यातल्या घेतल्या. पूर्वी ती नाटकांचे पोशाख शिवणाऱ्या एका दुकानात कापणी करायची. नामवंत नट तिच्यासमोर हात वर करून उभे राहायचे म्हणे, पोलिसांनी पकडल्यासारखे. हल्ली तिचं शिवण होत नाही. शिलाई मशीनवर माझा प्रिंटर आहे आणि तो हलवायचा म्हणजे वायरींचा घोळ होतो.

ताईने भिंत पाहिली. म्हणाली, "आता जेवायला बसलं की समोर खलनायक." मी म्हटलं, सवय होईल.

रविवार, ९ मार्च

जेवताना ताई म्हणाली, "मला तुझ्याशी बोलायचंय." माझ्या डोक्यात त्या वेळी चित्रपटाचा मध्यबिंदू होता, तरी ऐकलं. त्या पोशाखांच्या दुकानातली तिची मैत्रीण आता दुसऱ्या शहरात स्वतःची कार्यशाळा काढतेय. कापणीला हात हवा आहे. वरच्या मजल्यावर राहायला खोली आहे. मैत्रिणीने महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवलीय.

"मला जायचंय," ताई म्हणाली.

"जा की. नाही कोण म्हणतंय? फक्त व्याख्यान होऊ दे."

"आणि मग?"

"मग परीक्षेचे पेपर येतील. ते हातावेगळे झाले की बघू. मग एकदा घराला रंग द्यायचाय, तेवढं तुझ्या देखरेखीखाली झालं की तू मोकळी."

ताईने माझं ताट उचललं. चर्चा चांगली झाली.

दुपारी दुसऱ्या अंकावर काम केलं. या चित्रपटाची खरी ताकद तिथे आहे. मळेवाल्यांचा म्होरक्या राज्यपालाला म्हणतो, जाहीरनाम्याला आमची ना नाही, फक्त गळीत होऊ दे. उसाचं गळीत होतं. मग म्हणतो, साखर जहाजावर चढू दे. ती चढते. मग म्हणतो, गोदामांची डागडुजी होऊ दे. एकदाही 'नाही' म्हणत नाही. हसतो, पाठीवर हात ठेवतो. असा खलनायक लिहायला छाती लागते. त्याच्या पिवळ्या कार्डावर मी एकच शब्द लिहिला: 'उद्या'. कार्ड लावल्यावर चार पावलं मागे जाऊन बघितलं. फार दिवसांनी लिहिण्याचा आनंद मिळाला.

शुक्रवार, १४ मार्च

लेकीचा फोन.

"बाबा, आत्याशी बोललास का?"

"बोललो की. सगळं ठरलंय."

"काय ठरलंय?"

"व्याख्यानानंतर बघायचं ठरलंय."

मग मीच म्हटलं, "आत्या नसती तर या घराचं काय झालं असतं!" हे वाक्य चित्रपटात राज्यपालाच्या तोंडी आहे, किल्लीवाली त्याला कोट घालते तेव्हाचं, ते नंतर लक्षात आलं. चांगले संवाद असे अंगात भिनतात.

लेक म्हणाली, "बाबा, तू धन्य आहेस." हल्लीची मुलं कौतुक कमी करतात, म्हणून लिहून ठेवतोय.

मंगळवार, १८ मार्च

ताईचं काहीतरी बिनसलंय. काल तिने मला वॉशिंग मशीनचं कोणतं बटण कशाला ते समजावलं. आज गॅसवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवला आणि मला समोर उभं करून माझ्या हातून अंडी उकडून घेतली. अंडी फुटली. "पाणी थंड असतानाच घालायची," ती म्हणाली आणि पुन्हा उकडायला लावली. रक्तदाबाच्या गोळ्या कुठल्या कप्प्यात, सकाळची कुठली, संध्याकाळची कुठली, हे सगळं मला तोंडपाठ म्हणायला लावलं.

वय होतं तसं माणसाला एकटं वाटत असावं. बोलायला विषय राहत नाहीत, मग बटणांवर बोलतात. मी शांतपणे ऐकून घेतलं. घरच्या माणसांना वेळ द्यायला हवा.

शनिवार, २२ मार्च

व्याख्यानात नुसतं कौतुक करून भागत नाही. एखादा तरी दोष काढावा लागतो, नाहीतर लोकांना वाटतं याला कळत नाही. आज दोष सापडला आणि तो ताईमुळे सापडला, हे मोकळ्या मनाने नोंदवतो. किल्लीवाली! चार प्रसंगांत दिसते आणि गायब. जाहीरनाम्याच्या वेळी चौकात माळी आहे, स्वयंपाकी आहे, घोड्याला खरारा करणारा म्हातारा आहे. ती नाही. पटकथाकार तिला साफ विसरला. आमच्या धंद्यात याला सुटलेला धागा म्हणतात.

ताईसमोर भाषणाची तालीम केली. ती माझ्या शर्टाला इस्त्री करत होती. मी म्हटलं, "ही बाई शेवटी जाते कुठे, हे सांगण्याची तसदी चित्रपटाने घेतलेली नाही."

"तिने सांगितलं असेल की कुणाला तरी," ताई म्हणाली.

"कुणाला?"

"राज्यपालाला."

"मग त्याला कळलं नसतं का?"

ताईने इस्त्री उभी ठेवली आणि हसायला लागली. इतकी, की तिला खुर्चीत बसावं लागलं. पदराने डोळे पुसले, पुन्हा माझ्याकडे बघितलं, पुन्हा हसली. विनोद कुठे झाला ते मला समजलं नाही, पण भाषणात त्या जागी जरा थांबायचं ठरवलंय.

मग ती म्हणाली, "मी मैत्रिणीला हो कळवलंय. एकोणतीसची दुपारची गाडी आहे."

"एकोणतीसला व्याख्यान आहे," मी आठवण करून दिली.

"माहीत आहे."

म्हणजे तारीख तिच्या लक्षात आहे. एकाच दिवशी दोन्ही कसं जमणार, हे तिचं तिला उमगलं असणार. जीव भांड्यात पडला.

शनिवार, २९ मार्च, सकाळ

घसा ठीक. शर्ट कडक. कागद क्रमाने लावले, चष्मा खिशात. भिंतीवरची चार कार्डं खाली पडलीत, कारण ताईच्या डब्यातल्या पिना बारीक आहेत. त्या कापडासाठी असतात म्हणे.

आत्ता ताई दारात येऊन म्हणाली, "मी निघते रे." मी कागदांत होतो. म्हटलं, "येताना पिना घेऊन ये. मोठ्या डोक्याच्या."

ती जरा वेळ तशीच उभी होती. मग म्हणाली, "बरं." आणि आत येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणी परीक्षेच्या दिवशी फिरवायची तसा. शुभशकुन आहे.

शनिवार, २९ मार्च, संध्याकाळ

क्रमाने लिहितो. नाहीतर लिहिणार नाही.

सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. चित्रपट झाला, मी रडलो, डोळे पुसून बोलायला उभा राहिलो. पहिला अंक लोकांनी मान डोलावत ऐकला. खलनायकाच्या 'उद्या'वर हशा आला. मागून एक गृहस्थ म्हणाले, "आमचे साहेब अगदी असेच!" मी रंगात आलो. म्हटलं, दुष्टपणाला शिंगं असतात असं समजू नका, तो सोयीच्या कपड्यांत घरात वावरतो. टाळ्या पडल्या. हे वाक्य मला तिथेच सुचलं.

मग दोष काढला. किल्लीवाली, सुटलेला धागा, पटकथाकाराचा विसर. ठरल्याप्रमाणे थांबलो. कुणी हसलं नाही.

प्रश्नांच्या वेळी दुसऱ्या रांगेतून माझ्या दातांच्या डॉक्टरीणबाई उठल्या. त्यांनी माझ्या दोन दाढा काढल्यात, त्यामुळे त्या दिसल्या की माझं तोंड आपोआप उघडतं. म्हणाल्या, "पण सर, ती जाते की."

"कोण?"

"किल्ल्यांवाली. सज्जाच्या आधी. मागे दिसते."

मी म्हटलं, हा चित्रपट मी किती वेळा पाहिलाय त्याला मोजदाद नाही.

"मग अजून एकदा बघू," त्या म्हणाल्या. 'दुखणार नाही' म्हणतात त्याच आवाजात.

चिटणीसांनी शेवट पुन्हा लावला. राज्यपाल खोलीत आहे, खण उघडलाय, जाहीरनामा दोन्ही हातांत धरून तो मनातल्या मनात वाचतोय. चेहरा मोठा, प्रकाश त्याच्यावर. मी नेहमी तिथेच बघतो. सगळे तिथेच बघत असणार, असं मला वाटत होतं. त्याच्या खांद्यामागे दार उघडं आहे. किल्लीवाली येते. कमरेचा जुडगा काढते, टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवते. काहीतरी बोलते. वाद्यं सुरू झालेली असतात, शब्द नीट ऐकू येत नाहीत. चिटणीसांनी आवाज वाढवून परत लावलं. "मी जाते, साहेब."

राज्यपाल कागदावरून नजर न काढता हात वर करतो. हो हो, ठीक आहे, असा. ती क्षणभर थांबते. मग अंगण ओलांडते, फाटकातून बाहेर पडते. त्यानंतर तो सज्जात जातो आणि सगळ्यांना मुक्त करतो.

चिटणीसांनी चित्र थांबवलं. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्याची वाटच बघितली नाही तिने." आणि बसल्या. चिटणीसांनी आभार मानले. मला एक पेन मिळालं.

माझी फजिती झाली, पण खरं सांगायचं तर रस्त्याने येताना मी फजितीचा विचार करत नव्हतो. कधी एकदा ताईला सांगतो असं झालं होतं. तुझं बरोबर होतं म्हणून सांगायचं होतं. तिने त्याला सांगितलं होतं!

दाराला कुलूप. माझ्याकडे किल्ली नसते. कधी लागलीच नाही, ताई घरात असतेच. जिन्यावर उभा राहिलो. शेजारीणबाई बाहेर आल्या आणि जुडगा माझ्या हातात ठेवला.

"पोचल्या असतील का हो ताई? तुम्ही स्टेशनवर नाही गेलात?"

"व्याख्यान होतं."

"हो, म्हणाल्या त्या."

आत गेलो. कपाटातला तिचा कप्पा रिकामा आहे. शिवणाच्या डब्यातली मोठी कात्री नाही. शिलाई मशीन आहे, त्यावर माझा प्रिंटर आहे. ओट्यावर जेवण झाकून ठेवलंय, दोन वेळांचं.

ताई गेली. चोरून नाही गेली, भांडून नाही गेली. मला सांगून गेली. पुन्हा पुन्हा सांगून गेली. दर वेळी मी ते ऐकलं आणि या वहीत स्वतःच्या हाताने, शुद्धलेखन सांभाळून, लिहूनही ठेवलं. वर तिला पिना आणायला सांगितल्या.

मला फार वाईट वाटतंय. शिकवताना मी असलं वाक्य खोडतो. आज याहून चांगलं सुचत नाही.

रविवार, ३० मार्च

सकाळी फोन केला. मागे मशिनी चालू होत्या, रविवार असून.

मी तयारी करून ठेवली होती. म्हटलं, "ताई, ती जाते गं शेवटी. त्याला सांगून जाते. तो ऐकत नाही." मग म्हटलं, "तो राज्यपाल म्हणजे मी आहे."

"उगाच मोठा होऊ नकोस," ताई म्हणाली. "तू माझा धाकटा भाऊ आहेस. त्या बाईला विकत आणलं होतं. मी माझ्या पायांनी आले होते."

"मग तू आधीच का नाही गेलीस?"

"तू जेवत नव्हतास. मग पोरगी लहान होती. मग सवय झाली. तुलाही आणि मलाही." मग म्हणाली, "मी तुझ्यावर रागावले असते ना, तर तुला अंडी उकडायला नसती शिकवली. एखाद्या दिवशी गुपचूप निघून गेले असते."

मी नाक ओढलं. ती म्हणाली, "रडतोयस का? वाद्यं तर वाजत नाहीत."

मग कामाचं बोलली. इथल्या मशिनी नव्या आहेत, पळतात फार. स्वतःच्या मशीनवर बसलेला हात दुसरीकडे लवकर बसत नाही. दोन बाह्या उसवाव्या लागल्या. हे सगळं ती तक्रारीच्या सुरात सांगत होती आणि इतकी खूश होती की मला फोन कानापासून जरा लांब धरावा लागला.

शनिवार, १२ एप्रिल

पेपर आलेत. गठ्ठे खुर्चीवर आहेत. अंडी जमतात. पांढरा शर्ट आता गुलाबी आहे, ते बटण ताईने सांगितलं होतं, पण मी तेव्हा शांतपणे ऐकत होतो.

आज पार्सल आलं. छोटा खोका, आत पिना. मोठ्या डोक्याच्या. मी लगेच फोन केला.

"येताना आण म्हणाला होतास," ताई म्हणाली. "येणं काही इतक्यात होत नाही, म्हणून पाठवल्या."

खाली पडलेली कार्डं पुन्हा लावली. मग एक कोरं पिवळं कार्ड घेऊन किल्लीवालीचं लिहायला बसलो. काय हवंय? 'जायचंय.' हे पटकन झालं. आड कोण येतंय? इथे पेन अडलं. मळेवाल्यांच्या म्होरक्याने तिला कधी पाहिलंही नाही. तिच्याशी वाईट वागलेलं चित्रपटात कुणीच नाही. राज्यपाल तर तिच्याशी गोड बोलतो, कोट कोणता घालू म्हणून विचारतो. बराच वेळ गेल्यावर 'राज्यपाल' असं लिहिलं. खाली कंसात 'माणूस भला' असं लिहिलं. कार्ड बरोबर टेबलासमोर लावलं, जेवताना दिसेल असं.

तिचं मशीन तिला पाठवायला हवं. पेपर तपासून झाले की पाठवीन.

वरचं वाक्य लिहून झाल्यावर वाचलं. खोडलं. उठून प्रिंटर उचलला, वायरींचा घोळ झाला, आणि टेम्पोवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, आज जरा गडबड आहे, उद्या येऊ का?"

मी म्हटलं, "आज."

तो येऊन मशीन घेऊन गेला. प्रिंटर सध्या जमिनीवर आहे.